व्हायरल जाहिरातपट, ग्रामीण विदर्भातील

एखाद्या कंपनीने आपल्या मालाची ओळख व्हावी म्हणून तयार केलेला, पण पाहणाऱ्यांनीच तो एकमेकांना पाठवून पसरवावा अशा बेताने रचलेला लघुपट म्हणजे व्हायरल जाहिरातपट. दूरचित्रवाणीवरची जाहिरात कार्यक्रमाच्या मध्येच येते आणि प्रेक्षक ती सहन करतो. हा व्हिडिओ मात्र ओळखीच्या माणसाकडून येतो, आणि त्याच्यासोबत पाठवणाऱ्याची पतही येते. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील खेड्यांत या प्रकाराला वेगळे वजन आहे, कारण बियाणे, कीटकनाशक, फवारणी पंप किंवा ट्रॅक्टर घेण्याआधी शेजारच्या वावरात काय झाले हे विचारण्याची कास्तकाराची जुनी सवय आहे आणि ही विचारपूस आता बऱ्याच अंशी मोबाइलवर होते.

या प्रकाराची सुरुवात अमेरिकेत झाली. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००६ मध्ये, ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीने आपल्या यंत्रात गोट्यांसारख्या भलत्याच वस्तू दळून दाखवणारे अगदी कमी खर्चाचे व्हिडिओ टाकले. मार्च २०१२ मध्ये डॉलर शेव्ह क्लब या नव्या कंपनीने सुमारे ४,५०० डॉलरमध्ये केलेल्या व्हिडिओने तिला देशभर ग्राहक मिळवून दिले. भारतात नोव्हेंबर २०१३ मध्ये गूगलने फाळणीत ताटातूट झालेल्या दोन मित्रांच्या भेटीचा जाहिरातपट काढला. त्याच वर्षी लाइफबॉय साबणाने हात धुण्याच्या प्रचारासाठी विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील थेसगोरा हे गाव निवडले आणि मुलाच्या पाचव्या वाढदिवसाची कथा घेऊन केलेला त्यांचा लघुपट दूरवर पाहिला गेला. सॅमसंगने डिसेंबर २०१६ च्या अखेरीस डोंगराळ भागात पोहोचणाऱ्या दुरुस्ती-गाडीवर काढलेला व्हिडिओ दोन महिन्यांच्या आत यूट्यूबवर १० कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला.

या सगळ्याची खेड्याशी गाठ पडली ती इंटरनेट स्वस्त झाल्यावर. त्यापूर्वी तालुक्याच्या मोबाइल दुकानातून मेमरी कार्डात गाणी आणि व्हिडिओ भरून आणण्याची पद्धत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, इतर कंपन्यांनीही दर उतरवले आणि रोज ठरावीक डेटा देणारे पॅक रूढ झाले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा त्यावरचे ग्रामीण कलाकार इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्सकडे वळले. मेळघाटच्या आणि गडचिरोलीच्या आतल्या भागात मात्र रेंजचा प्रश्न आजही आहे, त्यामुळे तिथे लहान आकाराचा, एकदा उतरवून पुन्हा पुन्हा दाखवता येणारा व्हिडिओच उपयोगी पडतो.

प्रसाराची रीत : व्हिडिओ पसरेल की विझेल हे एका सरासरीवर अवलंबून असते. एका प्रेक्षकामागे सरासरी एकाहून कमी नवा प्रेक्षक येत असेल तर साखळी विझते, एकाहून अधिक येत असेल तर ती वाढत जाते. कंपनीने पहिल्या १,००० लोकांपर्यंत व्हिडिओ स्वतः पोहोचवला आणि प्रत्येकामागे सरासरी ०.६ नवे प्रेक्षक आले, तर एकूण आकडा २,५०० च्या आसपास थांबतो. डंकन वॉट्स आणि जोना पेरेटी यांनी २००७ मध्ये नेमके हेच मांडले : आपोआप पेटणाऱ्या साखळीची वाट पाहण्यापेक्षा सुरुवातीचा प्रेक्षकवर्ग मोठा ठेवावा आणि पुढे पाठवण्याने मिळेल ती वाढ पदरात पाडून घ्यावी. २०१६ मध्ये शरद गोयल, वॉट्स आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरील सुमारे एक अब्ज संदेशमालिका तपासल्या. त्यांतही लोकप्रिय ठरलेल्या बहुतेक गोष्टी एखाद्या मोठ्या प्रसारकाकडून एकदम पसरलेल्या होत्या, माणसामाणसांतून लांबवर गेलेल्या साखळ्या दुर्मीळ होत्या. ‘व्हायरल करून देतो’ असे सांगून लहान उद्योजकांकडून पैसे घेणाऱ्यांचे म्हणणे या निष्कर्षांपुढे टिकत नाही, आणि तालुक्याच्या गावी पहिलाच व्यवसाय उभा करणाऱ्याने ते आधी माहीत करून घेतलेले बरे.

पुढे पाठवण्याची इच्छा कशाने होते, याचा अभ्यास जोना बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधील जवळपास ७,००० लेखांवर केला. विस्मय, राग, चिंता अशा मन चेतवणाऱ्या भावनांनी मजकूर अधिक पाठवला जातो आणि निव्वळ खिन्न करणारा कमी, असे त्यांना २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आढळले. उपयुक्त मजकूरही पुढे जातो. विदर्भातल्या खेड्यात ही उपयुक्तता सर्वांत भारी पडते, असे म्हणावे लागते. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) पीक खाऊन जात असताना रात्रीची जागल करणाऱ्याला झटका मशीन (कुंपणाच्या तारेतून जनावराला विजेचा हलका झटका देणारे यंत्र) कसे बसवायचे हे दाखवणारा व्हिडिओ मिळाला, तर तो लगेच धुऱ्याशेजारच्याला पाठवतो, कारण एकाच्या कुंपणाने जनावरे दुसऱ्याच्या वावराकडे वळतात आणि हा प्रश्न दोघांनी मिळून सोडवावा लागतो.

प्रसाराचा मुख्य मार्ग व्हॉट्सॲप आहे. गावाचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, कृषी सहायकाने केलेला ग्रुप आणि बाजार समितीतील सोयाबीन-कापसाचे दर रोज टाकणारा भावांचा ग्रुप, असे त्याचे प्रकार आहेत. यांतला भावांचा ग्रुप जाहिरातदाराला सर्वांत मोलाचा, कारण हंगामात तो दिवसातून अनेकदा उघडला जातो. या मार्गाला एक मर्यादा पडली आहे आणि तिच्यामागचे कारण दुःखद आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना ठार मारले. देशात अशा घटना वाढल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, ती जानेवारी २०१९ मध्ये जगभर लागू केली, आणि एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यामुळे एकच व्हिडिओ झपाट्याने सर्वदूर जाणे अवघड झाले आणि जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे, लहान, तिथल्याच माणसांनी केलेले व्हिडिओ काढण्याकडे कल वाढला. हा बदल चांगलाच झाला.

भाषा आणि प्रसंग : पश्चिमेकडे वऱ्हाडी, पूर्वेकडे झाडीबोली, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळ-वाशीमच्या बंजारा तांड्यांवर गोरमाटी, असा या प्रदेशाचा बोलींचा पट आहे. मुंबईत लिहिलेल्या संहितेत दोन-चार वऱ्हाडी शब्द पेरून केलेला व्हिडिओ इथे लगेच ओळखू येतो आणि अपमानास्पदही वाटू शकतो, कारण नाटक-सिनेमांत ही बोली हसवणाऱ्या नोकराच्या तोंडीच फार वेळा घातली गेली आहे. वऱ्हाडीत बोलणारा माणूस शहाणा, हिशेबी आणि आपल्या कामात तरबेज दाखवला की लोक तो व्हिडिओ आपला म्हणून पाठवतात. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमीचा आधार मिळतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे तिचे केंद्र असून दिवाळीनंतर धानाची कापणी आटोपत येते तसा नाटकांचा हंगाम सुरू होतो. तिथले नट आणि नट्या गावोगाव ओळखीचे असल्याने, मोठ्या शहरातील तारकेपेक्षा त्यांच्या तोंडचा शब्द या भागात अधिक ऐकला जातो.

सणांचाही वाटा मोठा. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. यमक साधणारी, चटकन पाठ होणारी आणि प्रसंगी सरकारलाही सुनावणारी ही पद्यरचना थोडक्या वेळाच्या व्हिडिओला जणू घडवूनच दिलेली आहे. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन सजलेल्या मुलांचे व्हिडिओ पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या नातेवाइकांपर्यंत हमखास जातात. शंकरपटाच्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली होती, ती १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला; त्यानंतर पटाच्या मैदानावरचे व्हिडिओही जाहिरातदारांच्या नजरेत आले. मात्र शर्यतीत बैलाला इजा होताना दिसली, तर जाहिरातदाराचे नाव त्या क्रूरतेशी कायमचे जोडले जाते.

खते-बियाण्यांचे दावे : या विषयातला सर्वांत जबाबदारीचा भाग खते, बियाणे आणि औषधे यांच्या व्हिडिओंचा आहे, कारण इथे चुकीच्या खरेदीची किंमत अख्ख्या हंगामाने मोजावी लागते. कपाशीच्या व्हिडिओची एक ठरलेली रीत आहे. भरगच्च पऱ्हाटीशेजारी कास्तकार उभा राहतो, एका झाडाची बोंडे मोजतो आणि आकडा दीडशेच्या वर नेतो. झाड खरे असते, मोजणीही खरी असते. फसगत होते ती त्या एका झाडावरून वावराचा अंदाज बांधण्यात. चार बाय दीड फुटांवर लागवड असेल तर एकरी ७,२६० झाडे बसतात. प्रत्येकाला १५० बोंडे आणि बोंडाला ४ ग्रॅम कापूस धरला तर एकरी उत्पन्न ४३ क्विंटलांहून अधिक यायला हवे. कोरडवाहू वावरात एकरी १० क्विंटल झाले तरी कास्तकार समाधानी असतो. ते झाड बहुधा धुऱ्याकडचे, मोकळी हवा-ऊन मिळालेले, शेणखताच्या ढिगाजवळचे किंवा ठिबकावरचे असते. म्हणून प्रामाणिक व्हिडिओत लागवडीचे अंतर, पाण्याची सोय, जमिनीचा प्रकार, पेरणीची तारीख आणि शेवटी वेचणीचे एकूण वजन सांगितले पाहिजे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्या प्रक्षेत्रावर जी शिवारफेरी भरवते, तिच्यात वाणांचे प्लॉट शेजारी शेजारी पाहता येतात. एकाच झाडाच्या व्हिडिओत ही तुलनाच हरवते.

फवारणीच्या व्हिडिओंबाबत तर २०१७ चा यवतमाळ जिल्हा विसरून चालणार नाही. त्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. दाट आणि उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, जोरदार फवारा देणारे पंप आणि संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे एकत्र आली होती. असे असताना, उघड्या हातांनी औषध कालवणारा आणि तोंडाला रुमालही न बांधता फवारणारा माणूस एखाद्या जाहिरातीत दिसला, तर ती जाहिरात लोकांना जिवावर बेतणारी सवय शिकवते. हातमोजे, मास्क, चष्मा, वाऱ्याची दिशा आणि फवारणीनंतरची अंघोळ हे सगळे कॅमेऱ्यासमोर आलेच पाहिजे.

याहून अडचणीचा प्रकार नाव नसलेल्या मालाचा. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये मान्यता मिळाली, पण तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी वाणाला मिळालेली नाही. तरीही ‘चोरबीटी’ म्हणून ओळखले जाणारे हे बियाणे खेड्यांत मिळत राहिले आणि जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने त्याची जाहीर लागवड करून आंदोलन केले. तंत्रज्ञानाच्या बाजूने वा विरुद्ध काहीही मत असले तरी, पावती आणि पत्ता नसलेल्या पाकिटाचा व्हिडिओ फिरत असेल तर उगवण न झाल्यास तक्रार करायला समोर कोणीच नसते.

कायदा : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते, तसेच अशा जाहिरातीत मालाची भलामण करणाऱ्याला आधी एक वर्ष आणि पुढे तीन वर्षांपर्यंत भलामण करण्यास मनाई करू शकते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने १४ जून २०२१ पासून समाजमाध्यमांवरील प्रभावशाली व्यक्तींना आपली पोस्ट जाहिरात असल्याचे स्पष्ट सांगण्याचा नियम लागू केला. पैसे घेऊन ‘मी हेच वापरतो’ म्हणणाऱ्या कास्तकारालाही हा विचार लागू होतो. बियाण्याची मोफत पाकिटे किंवा पंप घेऊन बोलणे हादेखील मोबदलाच आहे. फॉरवर्ड होताना मूळ पोस्टखालचा मजकूर गळून पडतो, म्हणून ‘ही जाहिरात आहे’ हे शब्द व्हिडिओच्या चित्रातच, मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरांत असावेत.

परिणामाचे मोजमाप : यूट्यूबवरच्या दर्शनसंख्येत पैसे देऊन दाखवलेली दर्शनेही मिसळलेली असतात, आणि व्हॉट्सॲपवरची देवाणघेवाण कंपनीला दिसतच नाही. जिल्ह्यागणिक वेगळा फोन क्रमांक व्हिडिओत देऊन कुठून किती कॉल आले हे पाहणे, हा त्यावरचा साधा उपाय. विक्रीचा आकडाही एकट्याने पुरेसे सांगत नाही. पेरणीच्या तोंडावर हातात रोकड नसलेला कास्तकार कृषी सेवा केंद्रातून उधारीवर माल उचलतो, आणि उधारीत दुकानदार देईल तेच पाकीट बहुधा घ्यावे लागते. त्यामुळे व्हिडिओ पाहून एका वाणाचे नाव मनात घेऊन गेलेला माणूस दुसरेच वाण घेऊन परत येतो. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत किती जणांनी नाव घेऊन बियाणे मागितले आणि त्यांपैकी कितींना ते उधारीवर मिळाले, ही दुकानदाराच्या वहीतली नोंद दर्शनसंख्येपेक्षा अधिक विश्वासार्ह ठरते.