नाल्याच्या पाण्यातलं नायट्रेट : नमुना केव्हा घ्यावा?

दिवाळी झाली की आमच्या पाणी तपासणीच्या काउंटरवर दरवर्षी तोच वाद. "सप्टेंबरात तुम्हीच नाला चांगला म्हणून रिपोर्ट दिला. आता नायट्रेट मर्यादेच्या वर कसं गेलं? मधात युरियाचा दाणासुद्धा टाकला नाही." मशीन बिघडली असेल, असंही काही जण सुचवतात. मशीन बरोबर आहे आणि रिपोर्टही दोन्ही बरोबर आहेत. पहिला नमुना तेवढा चुकीच्या दिवशी घेतलेला असतो.

नाला गढूळ वाहतो तेव्हा त्यात बहुतेक वावरांवरून धावत आलेलं ताजं पावसाचं पाणी असतं. त्यात नायट्रेट पातळ होतं. एक भाऊ पूर ओसरायच्या आतच बाटली भरून घेऊन आले, तळाशी दोन बोटं गाळ. रिपोर्ट छान आला, तो गावभर दाखवून झाला. जानेवारीत पुन्हा तपासणी, पुन्हा फी, आणि वरून आमच्याशी भांडण.

पाऊस उघडल्यावर नाला वाहतो तो झिऱ्यांवर, म्हणजे जमिनीखालच्या पाण्यावर. आपली काळी माती अमोनियाच्या रूपातला नत्र धरून ठेवते, नायट्रेट मात्र धरत नाही. ते पाण्यासोबत मुरमात उतरतं. खाली पक्का दगड लागला की पाणी उताराकडे सरकतं आणि नाल्याच्या काठाला फुटतं. या प्रवासाला कुठे काही आठवडे लागतात, कुठे काही वर्षं. दगडाला भेगा किती आणि वावरापासून नाला किती दूर, यावर ते ठरतं. म्हणजे आज नाल्यात दिसणारं नायट्रेट यंदाच्याच खताचं असेल असं नाही. आणि एकट्या युरियाला बोल लावू नका. उकिरडा, गोठा आणि संडासाचे शोषखड्डेही तिथेच पाझरतात.

काठाची पाणथळ, झाडोऱ्याची पट्टी मात्र कामाची. त्या चिखलात प्राणवायू नसतो, तिथले सूक्ष्मजीव नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. धुऱ्यापासून थेट नाल्यापर्यंत चर खोदला, की पाणी ही पट्टी टाळून जातं. जेसीबी लावून काठ चकाचक करायची हौस असलेल्यांनी हे जरूर वाचावं.

तर नमुना पाऊस उघडून आठ-दहा दिवस झाल्यावर, नाला नितळ झाला की घ्या. डिसेंबर-जानेवारी उत्तम. डोहातलं साचलेलं पाणी नको, वाहत्या धारेतलं घ्या. बाटली आमच्याकडून न्या, फुकट आहे. कोल्ड्रिंकची आणू नका. भरल्यावर थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. नाल्याच्या वरच्या अंगाला विहीर असेल तर मोटार थोडा वेळ चालवून तिचंही पाणी आणा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की नायट्रेट कुठून येतंय याचा अंदाज बांधता येतो. म्हणून जोडीच्या नमुन्याला आम्ही सवलत ठेवली आहे.

आणखी एक तक्रार : "दुसरीकडे १२ आलं, तुमच्याकडे ५३ कसं?" तिकडे नायट्रेटमधला फक्त नत्र मोजून लिहितात, आम्ही पूर्ण नायट्रेट लिहितो. १२ ला ४.४३ ने गुणा, ५३ च येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा पूर्ण नायट्रेटची आहे, म्हणून आमची पद्धत हीच राहील. १२ बघून घरी निर्धास्त बसलेले लोक आम्ही पाहिले आहेत.

मर्यादेच्या वरचं पाणी उकळून पिऊ नका; पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं. कँडलच्या फिल्टरनेही ते जात नाही, आरओने कमी होतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला असं पाणी अजिबात देऊ नका.

आपल्याच भागात एवढी तपासणी कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी : केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत वर्धा, बुलडाणा, अमरावती आणि यवतमाळ आहेत.

रविवारी आम्ही बंद असतो. शनिवारी दुपारनंतर आणलेली बाटली सोमवारपर्यंत पडून राहते, त्यामुळे ती आम्ही घेत नाही.