हवा गेली तरी धरून ठेवणारी स्प्रिंग

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात कच्च्या तेलाचे ७२ टँकर जोडलेली मालगाडी उतारावर उभी करून चालक विश्रांतीला गेला होता. रात्री इंजिनाला आग लागली. ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, त्याबरोबर ब्रेकला दाबाची हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबला. ब्रेकमधली हवा हळूहळू गळत गेली. हँडब्रेक आवळले होते फक्त सात वाहनांचे. ६ जुलै २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर गाडी आपोआप सुटली, लाक-मेगांतिक गावात घसरली आणि पेटली. ४७ माणसं गेली.

ब्रेकचं बळ कशात साठवायचं, हा प्रश्न मात्र फार जुना आहे. अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या १८६९ च्या ब्रेकमध्ये चालकाने नळीत दाबाची हवा भरली की ब्रेक लागे. नळी तुटली, तर लागतच नसे. १८७२ मध्ये त्यानेच हे उलटं केलं: नळीतला दाब उतरला की प्रत्येक डब्याच्या टाकीतली हवा ब्रेक लावते. तरीही ब्रिटनमध्ये सक्ती व्हायला आयर्लंडमधल्या आर्मा इथला १२ जून १८८९ चा अपघात घडावा लागला. चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडवले, तेव्हा त्यांचा निर्वात ब्रेक (नळीतली हवा शोषून लागणारा) निकामी झाला, कारण तो स्वयंचलित, म्हणजे नळी तुटल्यावर आपोआप लागणारा, नव्हता. चाकांखाली लावलेले दगड चिरडत डबे मागे घरंगळले. सुमारे ८० जण मेले, त्यांत कितीतरी लहान मुलं. त्याच वर्षी प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक बंधनकारक करणारा कायदा झाला.

पण टाकीतली हवाही शेवटी गळतेच. पोलादी स्प्रिंग गळत नाही. म्हणून दाबलेली स्प्रिंगच ब्रेक लावणार आणि हवा, तेल किंवा विजेचं काम तिला मागे धरून ठेवण्यापुरतं, ही मांडणी आली. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

विजेशी तिची गाठ ट्रामने घातली. अमेरिकेत १९३६ पासून धावू लागलेल्या पीसीसी नावाच्या ठरावीक आराखड्याच्या ट्राममध्ये आधी हवेचे ब्रेक होते. १९४० च्या दशकात आलेल्या पूर्ण विद्युत आवृत्तीत हवा गेली. वेग कमी करायचा मोटरनेच. शेवटी, मोटरचा जोर संपतो तिथे, स्प्रिंगचा ड्रम ब्रेक गाडी धरायचा आणि वीज तो सोडवायची. वीज गेली, की ब्रेक लागलाच. प्रागच्या टाट्रा ट्राम याच घराण्यातल्या.

पुढे खालच्या फरशीच्या ट्राम आल्या. तळाशी जागा नाही, म्हणून छोट्या कॅलिपरमधली (ब्रेकच्या चकतीला चिमट्यासारखं धरणाऱ्या भागातली) स्प्रिंग तेलाच्या दाबाने मागे धरतात. चालकाच्या हँडलनुसार विजेवरचा व्हॉल्व्ह तो दाब कमी-जास्त करतो. जितकं तेल उतरेल, तितका ब्रेक घट्ट. अडचण उलट्या बाजूने येते. बिघाड झाला तर गाडी हलतच नाही, म्हणून ओढून नेण्याआधी हातपंपाने किंवा यांत्रिक सोडवणीने ब्रेक मोकळा करावा लागतो.

आपल्याकडे रेल्वेच्या डब्ल्यूएजी-९ आणि डब्ल्यूएपी-७ या विद्युत इंजिनांत स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक आहे. लोको पायलट तो बटणाने लावतो. पण तो इंजिनापुरता. वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना, हँडब्रेकचं चाकच, हाताने फिरवायचं. २५ फेब्रुवारी २०२४ ला ५३ वाघिणींची खडीची मालगाडी जम्मूतल्या कठुआहून चालकाविना सुटली आणि ७० किलोमीटरहून जास्त धावली. पंजाबात उंची बस्सीजवळ रुळांवर लाकडी ठोकळे ठेवून ती थांबवावी लागली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.