उंबरठ्याचा भार बिजागरीवर

नवा दरवाजा बसवून वर्ष होत नाही तोच तो कुलपाच्या बाजूने खाली येतो, फरशीला घासू लागतो, आणि बोल सुताराला लागतो. कधी चूक त्याची असतेही. पण मूळ अडचण जुनी आहे: दरवाजाचं वजन कुणी पेलायचं, हेच मधल्या काळात बदललं.

वाड्याच्या दरवाजाला बहुधा बिजागरी नसायचीच. प्रत्येक फळीच्या, म्हणजे पल्ल्याच्या, भिंतीकडच्या कडेला वर आणि खाली लाकडातच खुंटी काढलेली असे. खालची खुंटी उंबरठ्यातल्या खळग्यात फिरे, वरची चौकटीमागच्या लाकडातल्या भोकात. दोन इंच जाड, अडीच फूट रुंद, सहा फूट उंच सागवानी फळी म्हणजे जवळपास 45 किलो, लोखंडी पट्ट्या आणि खिळे वेगळे. हा सगळा भार थेट उंबरठ्यावर आणि तिथून जोत्यात जाई. वरच्या खुंटीचं काम फक्त तोल सांभाळण्याचं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासारखं अवजड कवाड पाहिलं की खालचा आधार किती पक्का लागत असेल ते कळतं. खळगा झिजला की फळी खाली बसे. मग तिथे लोखंडी वाटी ठोकत. उंबरठा ओलांडून जायचा, त्यावर पाय द्यायचा नाही, हा आजीचा दंडक धार्मिक खरा, पण सुतारालाही तो सोयीचाच होता.

चौकटही तेव्हा चारही बाजूंनी पुरी असे. ती आधी उभी करून ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभ्या रेषेत, आणायची आणि मग तिच्याभोवती भिंत चढवायची. गणेशपट्टीच्या (दारावरच्या गणपती कोरलेल्या पट्टीच्या) वरच्या लाकडाची टोकं दोन्हीकडे भिंतीत शिरलेली असत. जुन्या घरातली चौकट काढताना गिलाव्याबरोबर विटाही का येतात, ते यावरून समजावं.

पुढे बिजागरी रुळली आणि भार उंबरठ्यावरून चौकटीच्या बाजूवर गेला. मुंबईच्या चाळींत दरवाजे दोन फळ्यांचेच राहिले, त्यामुळे हा बदल फारसा जाणवला नाही. जाणवला तो फ्लॅटमध्ये, तीन फुटी एकच पल्ला आल्यावर. हिशोब सोपा आहे. सात बाय तीन फुटांचा, 35 मिमी जाडीचा भरीव फ्लश (दोन्ही बाजूंनी सपाट) दरवाजा साधारण 40 किलोचा. त्याचं वजन बिजागरीपासून दीड फुटावर तोललेलं, आणि वरच्या-खालच्या बिजागऱ्यांत अंतर सव्वापाच फूट. म्हणजे वरच्या बिजागरीचे स्क्रू सतत 11 किलोच्या आसपास ओढले जातात. त्याच मापाच्या दोन फळ्या केल्या तर वजन निम्मं, रुंदीही निम्मी. ओढा प्रत्येकी तीन किलोच्या आतच. एक पल्ला केला की ओढा चौपट.

त्यात लाकूड बदललं. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर कडक निर्बंध आले. 2014 मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवली, आणि ‘बर्मा टीक’ बोलण्यात उरलं, वखारीत दुर्मीळ झालं. फ्लश दरवाजाच्या आत आता लागवडीच्या मऊ लाकडाच्या पट्ट्या असतात. चारही कडांना पक्क्या लाकडाची पट्टी असेल तर स्क्रू धरतो. ती नसेल, किंवा दरवाजा मापात आणताना रंध्याने उडवली असेल, तर स्क्रू मऊ पोटात फिरत राहतो.

कुलूपही बदललं, आणि याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. अडसर, खिट्टी, वरच्या पट्टीत अडकणारी साखळीची कडी हे सगळं ढिसाळ कारभाराला क्षमा करणारं. फळी अर्धा इंच बसली तरी कडी लागे. 1897 मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी लालबागेत कुलपांचा कारखाना काढला. पुढे दरवाजातच बसणारी लॅच घरोघर आली, आणि तिला तीन मिमीचीही घसरण चालत नाही.

म्हणून आज सगळी कसरत बिजागरीच्या बाजूला करावी लागते. चौकट आता बहुधा तिकटी (तीनच बाजूंची), उंबरठा ग्रॅनाइटचा किंवा नाहीच. प्रत्येक उभ्या बाजूला तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, त्याही काँक्रीटमध्ये. नुसता मसाला कोंबला तर दरवाजा आपटून आपटून चौकट हलते आणि गिलाव्याला उभी चीर पडते. ओळंबा दोन दिशांनी बघायचा: चौकट खोलीकडे कलली असेल तर दरवाजा आपोआप उघडतो, आणि बिजागरी कितीही बदलली तरी उघडतच राहतो. पाच इंची बिजागऱ्या तीन. वरची टोकापासून सात-आठ इंचांवर, खालची दहा इंचांवर. तिसरी मध्यावर लावायची रीत आहे, पण वाकत असलेल्या जड पल्ल्याला ती वरच्या बिजागरीजवळ जास्त उपयोगी पडते. स्क्रूची डोकी बिजागरीच्या पानाबाहेर राहिली तर दरवाजा मिटताना ताठरतो आणि ढकलून लावला की स्क्रूच उपसले जातात.

बाजूंना तीन मिमी फट, खाली सहा. उन्हाळ्यात बसवत असाल तर थोडी जास्त, कारण आषाढात लाकूड फुगणारच. ते सर्वांत जास्त पाणी पितं खालच्या कडेतून. ती दिसत नाही म्हणून तिथे रंगाचा हात फिरत नाही. दरवाजा टांगण्याआधी आडवा ठेवूनच तिथे रंगाचा हात फिरवून घ्यावा लागतो.