ख्रिस्ती विवाह व दिवाणी कायदा

ख्रिस्ती मतानुसार विवाह हा देवासमक्ष केलेला आजन्म करार आहे; तो राज्याच्या कायद्याने कितपत बांधला जावा, याविषयी मात्र पंथापंथांत मतभेद आहेत. कायदापालनाचा आधार म्हणून ‘कैसराचे (रोमन सम्राटाचे) ते कैसराला’ हे येशूचे वचन (मत्तय २२:२१) आणि राज्यकर्त्यांच्या अधीन राहायला सांगणारा रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय दाखवला जातो, तर प्रेषितांची कृत्ये (५:२९) येथील ‘माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे’ ही त्या पालनाची मर्यादा समजली जाते.

विवाहाला संस्काराचे (सॅक्रमेंट, म्हणजे देवकृपेचे साधन मानलेला पवित्र विधी) स्थान केव्हा मिळाले, हा जुना वाद आहे. इफिसकरांस पत्रात (५:३२) ‘रहस्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे; लॅटिन भाषांतरात त्याजागी ‘साक्रामेन्तुम’ आला आणि संस्काराची कल्पना त्यावरच उभी राहिली, असे प्रॉटेस्टंट अभ्यासक म्हणतात, तर कॅथलिक अभ्यासकांना एका शब्दावर सगळा भार टाकणे मान्य नाही. बिशपच्या संमतीने लग्न करावे, असा उल्लेख अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या पत्रात (इ. स. ११० च्या सुमारास, काहींच्या मते बराच नंतर) आढळतो, पण तो विधीपेक्षा सल्लाच दिसतो. वधूवरांची संमती पुरेशी आहे, हे रोमन कायद्याचे तत्त्व पोप पहिला निकोलस याने ८६६ मध्ये बल्गेरियनांना लिहिलेल्या उत्तरात उचलून धरले. धर्मगुरू व साक्षीदार यांच्याविना झालेला विवाह कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये अवैध ठरवला. त्याआधी तो निषिद्ध असला तरी वैध होता. प्रॉटेस्टंट सुधारक लूथर याने विवाह ही ऐहिक बाब मानून तिचे नियमन राज्यकर्त्यांकडे सोपवले. संमती हा मूळ गाभा व आशीर्वाद ही नंतरची जोड, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

भारताच्या बहुतेक भागांत १८७२ चा ख्रिस्ती विवाह अधिनियम लागू आहे. मूळ कायदा ब्रिटिश मुलखासाठी होता. संस्थानांत तो राणीच्या ख्रिस्ती प्रजाजनांपुरताच चाले. त्यामुळे १८४८ मध्ये खालसा झालेला सातारा आणि संस्थानी अमलाखालील सांगली व मिरज यांची कायदेशीर स्थिती वेगवेगळी होती. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय काढले, ते संस्थानी हद्दीतच. आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाजात अमेरिकन मिशनांची प्रॉटेस्टंट परंपरा ठळक आहे.

बिशपकडून दीक्षा न मिळालेल्या पाळकाला लग्न लावण्यासाठी सामान्यतः शासनाचा परवाना लागतो, म्हणजे वेदीपुढे उभा असलेला पाळक एका अर्थी राज्याचेही काम करत असतो. वचने उच्चारून झाली की वधूवर व साक्षीदार नोंदवहीत सह्या करतात. विशेष परवानगी नसल्यास विधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात यांदरम्यानच व्हावा लागतो. वरात रेंगाळली की पाळकांची नजर घड्याळाकडे जाते, ती यामुळे.

खरा पेच घटस्फोटात दिसतो. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचारासोबत सामान्यतः क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. हा भेद २००१ च्या दुरुस्तीने गेला आणि परस्परसंमतीची वाट खुली झाली. चर्चच्या न्यायपीठाने विवाह रद्द ठरवला तरी दिवाणी कायद्यात तो टिकून राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. उलटपक्षी, न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा हाती असलेल्या कॅथलिक व्यक्तीलाही, आधीचा विवाह चर्चच्या दृष्टीने वैध असेल, तर जोडीदार हयात असेतो चर्चमध्ये पुन्हा लग्न लावून मिळत नाही.