पाणलोट क्षेत्रातील धूप व मृदासंधारण

पावसाच्या माऱ्याने जमिनीचा वरचा सुपीक थर सुटून वाहून जाणे म्हणजे धूप. ती रोखण्याच्या उपायांना मृदासंधारण म्हणतात. ज्या भूभागावर पडलेले पाणी उतारावरून एकाच ओढ्याला किंवा नदीला मिळते, ते तिचे पाणलोट क्षेत्र. माथ्यावर सुटलेली माती खालच्या तलावात गाळ होऊन बसते, म्हणून हे काम एकेका शेतापुरते न पाहता सगळ्या पाणलोटाचे म्हणून आखावे लागते.

धूप वाहत्या पाण्याने होते असे वाटते, पण तिची सुरुवात थेंबापासून होते. ५ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने आदळतो, ढेकळे फोडतो, कण उडवतो. बारीक कण छिद्रांत बसून जमिनीवर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरत नाही, वाहू लागते. आधी मातीचा पातळ थर निघतो (सालकाढी धूप), पुढे ओघळी (उथळ चऱ्या) आणि शेवटी घळी (खोल चऱ्या) पडतात. ओघळी नांगरटीने बुजतात, घळी बुजत नाहीत. तरी सर्वांत फसवी सालकाढी धूपच. हेक्टरभर जमिनीवरून १ मिलिमीटर माती गेली तर डोळ्यांना दिसतही नाही, पण ती १० घनमीटर, म्हणजे साधारण १३ टन भरते. शिवाय सेंद्रिय द्रव्य याच थरात सर्वाधिक असते.

विश्मायर व स्मिथ या अमेरिकी संशोधकांचे १९६५ साली प्रसिद्ध झालेले सूत्र पावसाचा जोर, मातीचा प्रकार, उताराची लांबी व तीव्रता, आच्छादन आणि संधारणाचे उपाय यांच्या गुणाकारातून वार्षिक धूप काढते. घळींची धूप त्यात धरलेली नाही.

कामाचा क्रम माथ्याकडून पायथ्याकडे असतो: वर झाडझाडोरा, गवत व सलग समपातळी चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर), मधल्या उतारावर बांधबंदिस्ती व उताराला आडवी मशागत, ओघळींत अनगड दगडी बांध (न घडवलेले दगड रचून केलेले), सर्वांत खाली नाला बांध. खालचा बंधारा आधी बांधला तर तो गाळानेच भरतो. गवत व पिकांचे अवशेष बांधांइतके नजरेत भरत नाहीत, पण थेंबाचा मार झेलतात ते तेच. बांध नुसते वाहते पाणी अडवतो. बांधाला पुरेसा सांडवाही (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) हवा. तो नसला की जोराच्या पावसात तुंबलेले पाणी बांध फोडते आणि फुटलेल्या जागी नवी घळ पडते.