यीहयुआन

यीहयुआन हे बीजिंगच्या वायव्येस, हायदियन जिल्ह्यात असलेले छिंग राजघराण्याचे उद्यान. परदेशी प्रवासी त्याला ‘समर पॅलेस’, म्हणजे उन्हाळी राजवाडा म्हणतात. पण राजवाडा बघायला आलेल्याला इथे भेटते ते मुख्यतः पाणीच. सुमारे २९० हेक्टरांच्या आवाराचा तीन चतुर्थांश भाग खुनमिंग तळ्याने व्यापला आहे. उत्तरेला सुमारे ६० मीटर उंचीची वानशौ टेकडी, म्हणजे दीर्घायुष्याची टेकडी, आणि तिच्या अंगाखांद्यावर बहुतेक इमारती.

छ्यानलोंग बादशहाने १७५० मध्ये आईच्या साठीचे निमित्त साधून बांधकामाला सुरुवात केली. ते १७६४ पर्यंत चालले. शहराच्या पाणीपुरवठ्याचाही विचार त्यामागे होता. तळे खोदून रुंद केले आणि निघालेली माती टेकडीवर चढवली. बादशहाला दक्षिणेकडच्या निसर्गाचे वेड होते. हांगचौच्या ‘पश्चिम सरोवरा’तला बांध त्याने इथे सहा पुलांसकट उभा केला, वूशीच्या एका बागेवरून टेकडीच्या पायथ्याशी छोटी बाग रचली, तर मागच्या बाजूला सूचौसारखी कालव्याकाठची बाजारपेठ थाटली. या सगळ्याला नक्कल म्हणणे सोपे आहे. पण चिनी उद्यानकलेत आवडलेले दृश्य आपल्या मातीत पुन्हा रचणे ही रसिकताच मानली जाई.

बागेची रचना पायी चालणाऱ्याच्या नजरेसाठी आहे, म्हणून आत शिरावे ते पूर्व दरवाजाने. आधी दरबारी चौक लागतात: भिंती, कांस्यमूर्ती, सिंहासनाचे दालन. तळ्याचा मागमूस नाही. दालनामागे दगडमातीचा उंचवटा वाट अडवतो. त्याला वळसा घातला की एकदम सगळे पाणी समोर येते. आधी लपवायचे, मग दाखवायचे ही या कलेची जुनी रीत. दुसरी रीत ‘उसन्या दृश्या’ची. तळ्यापलीकडे युछ्वान टेकडीवरचा मनोरा दिसतो. तो उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, पण चित्रात मात्र आतलाच वाटतो.

टेकडीच्या पायथ्याने ७२८ मीटर लांबीची छतबंद पडवी जाते. तिच्या तुळयांवर हजारो चित्रे आहेत: पाखरे, फुले, जुन्या कथांतले प्रसंग. मान वर करून चालणाऱ्यांमुळे इथे गर्दी तुंबते. पडवीच्या मध्यावरून पायऱ्या चढत गेले की बुद्धाला वाहिलेला अष्टकोनी फोश्यांग मनोरा लागतो. तळ्याचा पूर्ण नकाशा तिथूनच कळतो. पडवीच्या पश्चिम टोकापलीकडे ३६ मीटर लांबीची दगडी नाव आहे. जनता पाणी आणि राजा नाव, पाणी नाव तारते तसे बुडवतेही, अशी जुनी चिनी म्हण आहे. दगडाची नाव उलटायची नाही, हा छ्यानलोंगचा त्यावरचा जबाब. वरचा मजला आज दिसतो तो मात्र लाकडी, संगमरवराचा रंग दिलेला.

१८६० मध्ये, दुसऱ्या अफू युद्धात, इंग्रज-फ्रेंच फौजांनी जवळच्या युआनमिंगयुआन या दुसऱ्या शाही उद्यानाबरोबर हे उद्यानही जाळले. ज्या व्यापारातून ही युद्धे पेटली, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. युआनमिंगयुआन जाळण्याचा हुकूम देणारा लॉर्ड एल्गिन दोन वर्षांनी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला.

खरी सत्ता हाती असलेल्या राजमाता त्सिशीने १८८० च्या दशकात उद्यान पुन्हा उभारले आणि १८८८ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. आरमाराचा पैसा इकडे वळवला गेला, हे सर्वमान्य आहे. किती, यावर वाद आहे. तळ्यावर नौदलाच्या कवायतींची शाळा उघडून त्या खर्चावर पांघरूण घालण्यात आले. १८९४-९५ च्या युद्धात जपानने चीनच्या आरमाराचा धुव्वा उडवला, तेव्हापासून ही बाग चिनी इतिहासात टोमण्याचा विषय झाली. सगळा दोष बागेच्या माथी मारणे तसे सोयीचेच होते. १८९८ मध्ये ग्वांगशू बादशहाचा राज्यकारभार सुधारण्याचा प्रयत्न फसल्यावर त्सिशीने त्याला नजरकैदेत टाकले. ती इथे राहायला आली की त्याला युलान दालनात ठेवले जाई. तळ्याकाठच्या या देखण्या चौकात त्या वेळी उभारलेल्या विटांच्या आडभिंती अजून दाखवतात. १९०० मध्ये, परकीयांविरुद्धचा बॉक्सर उठाव मोडायला आलेल्या आठ राष्ट्रांच्या फौजांनी पुन्हा नासधूस केली, १९०२ मध्ये डागडुजी झाली. १९२४ पासून ते सार्वजनिक उद्यान आहे आणि १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गावरून येणारे बहुतेक जण उत्तर दरवाजाने शिरतात आणि थेट टेकडीच्या पाठीवर येतात. सोय होते, पण पाणी अचानक उलगडण्याची गंमत हुकते. फोश्यांग मनोरा, सूचौ पेठ वगैरेंना वेगळे तिकीट पडते. निम्मा दिवस तरी हाताशी हवा. पूर्व काठावरचा १७ कमानींचा पूल सुमारे १५० मीटर लांब आहे आणि त्याच्या कठड्यांवर पाचशेहून अधिक दगडी सिंह बसले आहेत. हिवाळ्यात तळे गोठते. डिसेंबरअखेरीस, सूर्य दक्षिणेला सर्वांत झुकलेला असताना, मावळतीचे ऊन सगळ्या कमानींच्या आत शिरून त्या सोनेरी करते. त्या तासाभरासाठी छायाचित्रकार दुपारपासून काठावर तिवया रोवून बसतात.