नक्षी शाबूत, टायर म्हातारा

आमच्या घरची गाडी 2012 सालची. बाबा ती मंडईला नेतात, बँकेत नेतात आणि मे महिन्यात सगळ्यांना कोंबून गावी नेतात. वर्षाला झाले तर 4,000 किलोमीटर. टायर बदलायचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं उत्तर, “निम्मी नक्षी शिल्लक आहे, उगाच खर्च कशाला?” यंदा मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. नक्षी खरंच होती. पण टायरच्या बाजूवर, भर उन्हात तळ्याचा गाळ तडकावा तशा बारीक भेगा पडल्या होत्या.

बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. आमच्या टायरवर होतं 1417, म्हणजे 2017 सालचा 14वा आठवडा. एखाद्या बाजूला ही तारीख दिसत नसेल, तर ती टायरच्या दुसऱ्या, गाडीखालच्या बाजूवर असते.

टायर वयानं मरतो कसा, हे कळायला रबराच्या आत डोकवावं लागतं. रबराचे रेणू शिजलेल्या शेवयांसारखे लांबलचक आणि एकमेकांत गुंतलेले असतात. नुसतं कच्चं रबर उन्हात चिकट होतं नि थंडीत ठिसूळ. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा मेळ सापडला. गंधक या शेवयांना जागोजागी टाके घालतं, म्हणून रबर ताणलं तरी पुन्हा मूळ आकारात येतं. गंमत अशी, की ही शिवणकला कारखान्यात थांबत नाही. हवेतला ऑक्सिजन आणि ऊन मिळून नवे टाके घालत राहतात, काही जुने उसवतात. रबर कडक होत जातं. अशा रासायनिक क्रियांचा वेग तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. चंद्रपुरात उघड्यावर उभी असलेली गाडी आणि महाबळेश्वरला शेडमध्ये असलेली गाडी, यांचे टायर एकाच दिवशी बनले असले तरी समवयस्क राहत नाहीत.

भेगा मात्र मुख्यतः ओझोनची करणी. जमिनीलगतच्या हवेत तो अगदी थोडा असतो, पण ताणलेल्या रबरातले दुहेरी बंध तो नेमके तोडतो. त्यावर उपाय म्हणून रबरात मेण आणि ओझोनला अडवणारी रसायनं घातलेली असतात. टायर फिरताना वाकतो, दबतो, तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि संरक्षक थर ताजा राहतो. टायरवर येणारी तांबूस छटा नेहमी मळच असते असं नाही. बऱ्याचदा ती हीच रसायनं असतात. महिनोन् महिने उभ्या गाडीत हा थर नीट ताजा होत नाही. ‘कमी वापरली म्हणजे जपली’ हा हिशोब टायरला लागू पडत नाही तो इथे.

म्हणूनच ‘जास्त किलोमीटर चालणारा’ टायर आमच्यासारख्या गाडीला घ्यावा का, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नये. 70,000 किलोमीटर चालणारा टायर आम्हाला 17 वर्षं पुरेल, आणि त्याआधीच त्याचं रबर मेलेलं असेल. काही वाहन कंपन्या 6 वर्षांनी टायर बदला म्हणतात. काही टायर कंपन्यांच्या मते 10 वर्षं ही अगदी शेवटची हद्द. काही टायरवर ‘ट्रेडवेअर’चा, म्हणजे नक्षी किती टिकेल याचा आकडा असतो, 300, 400 वगैरे. ही अमेरिकी पद्धत. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपास सुमारे 11,500 किलोमीटर गाड्या पळवून, 100 आकड्याच्या प्रमाण टायरशी झिजेची तुलना करतात. पण अंतिम आकडा कंपनी स्वतःच छापते, त्यामुळे दोन कंपन्यांची त्यावरून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय फार न झिजणारं रबर बहुधा ओल्या रस्त्यावर कमी धरतं. रबरात सिलिका घालायला लागल्यापासून हा पेच थोडा सैल झालाय, सुटलेला नाही. कमी फिरणाऱ्या गाडीनं झिजेची चिंता सोडून जूनच्या पहिल्या पावसात रस्ता धरणारा टायर घ्यावा.

म्युनिकचा माझा मावसभाऊ ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर लावतो आणि मग ‘समर टायर’. साधारण 7 अंशांखाली समर टायरचं रबर ताठरतं, म्हणून ही कसरत. आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक टायर उन्हाळी जातीचेच, त्यामुळे तो प्रश्न सुटलेला.

आपला प्रश्न उष्णतेचा. आमच्या गाडीच्या टायरवर 165/80 आर 14 85टी असं लिहिलंय: रुंदी 165 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 80 टक्के, रिम 14 इंची, 85 म्हणजे एका टायरला 515 किलोचा भार आणि टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरची मर्यादा. नवा टायर घेताना हे शेवटचे दोन आकडे कमी होता कामा नयेत. ताशी 100 च्या वेगात हे चाक सेकंदाला 14 वेळा फिरतं आणि दर फेरीत बाजू एकदा वाकते. वाकण्यात गेलेली थोडी ऊर्जा उष्णता होऊन रबरातच राहते. हवा कमी असेल तर बाजू जास्त वाकते, जास्त तापते. जुनं रबर, कमी हवा, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि दुपारचा काँक्रीटचा महामार्ग हे सगळं एकत्र आलं, की टायर फुटायला खड्डाही लागत नाही.

यावर लोक उलटाच उपाय करतात: हवा कमी भरतात, ‘उन्हात फुगून फुटेल’ म्हणून. सकाळी थंड टायरमध्ये 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरली तर तापल्यावर 34-35 दाखवते. हे गृहीत धरूनच कंपनीनं दाराच्या चौकटीवर आकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरची हवा काढून ती 30 वर आणली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती 26 वर आलेली सापडेल.

दुकानात गेलो तेव्हा पहिल्यांदा दाखवलेला टायर अडीच वर्षांपूर्वीचा निघाला. जुन्या गाड्यांच्या मापाचे टायर दुकानात हळू खपतात, ही त्यातली गोम. तारीख वाचून दाखवल्यावर आतून चार महिन्यांपूर्वीचा आला, त्याच किमतीत.

चारही बसवून झाले. बाबा म्हणाले, “स्टेपनी राहू दे, ती अजून नवीकोरी आहे.” डिकी उघडून बघितलं. रबराचे बारीक केससुद्धा जागच्या जागी होते. तारीख होती 0612.